कोकणातल्या घराची दुरुस्ती: ६,०२,००० रुपये गेले आणि पणजोबांच्या वेळचा सागही गेला

गावच्या घराची दुरुस्ती यंदा काढणार असाल तर आधी हे वाचा, मग ठेकेदाराला फोन करा. पूर्ण आकडा मी अजून घरातल्या सगळ्यांनाही सांगितलेला नाही, इतकी लाज वाटते. तरी लिहिते आहे, कारण आम्हाला बुडवणारा माणूस आजही त्याच तालुक्यात कामं घेतो आहे आणि त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला नवनवीन घरांचे फोटो झळकत आहेत.

आगाऊ पैसे घेऊन फोन बंद करणारे ठेकेदार सगळ्यांना माहीत आहेत. हा तसा नव्हता. हा फोन उचलायचा, गोड बोलायचा, फोटो पाठवायचा. त्याने एकच गोष्ट केली, आणि ती नीट लक्षात ठेवा: त्याने सगळ्यात आधी छप्पर उतरवलं. छप्पर उतरलं की मालकाचं येणं बंद होतं. त्यानंतर घराचा मालक तोच.

घर माझ्या वडिलांचं, माझ्या नावावर आलेलं. मातीच्या भिंती, खाली चिऱ्याचा चौथरा, वर मंगलोरी कौलं, पुढे ओटी आणि दोन्ही अंगांना पडव्या. नोकरीत असताना शुक्रवारी रात्री निघायचं आणि रविवारी परतायचं, हा आमचा ठरलेला विसावा होता. ह्यांनी पडलेला गडगा स्वतःच्या हाताने रचला. मी परसात अळू, हळद, अबोली लावली, पावसाआधी भाजावळीची राख आळ्यांत घातली. भिंती सारवणं, चौकटींना तेल देणं, मेपूर्वी कौलं चाळून घेणं, हे सगळं आम्ही हौसेने करत होतो. शहरात आठवडाभर जे अंगावर चढायचं ते तिथे दोन दिवसांत उतरायचं. पण वय झालं, छपरावर चढवेना, आणि एकदाच काय ते पक्कं काम करून घ्यावं असं ठरलं.

आम्ही आंधळेपणाने कुणालाही काम दिलं नाही. तीन जणांकडून भाव घेतले. ह्याचा भाव सगळ्यात कमी नव्हता, ९,६०,००० होता. त्याने जवळच्या वाडीत पूर्ण केलेलं एक घर दाखवलं, तिथल्या म्हाताऱ्या बाईंशी बोलणं करून दिलं, आणि ते काम खरंच चांगलं होतं. एवढं पाहिल्यावर माणसाने आणखी काय पाहायचं? कागद म्हणाल तर त्याच्या लेटरहेडवर कामाची यादी आणि सही होती. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करार केला नव्हता, पण गावाकडे घराच्या दुरुस्तीचा करार करतं कोण? आता मी म्हणते, करा. त्यात प्रत्येक हप्त्यासमोर "काय बांधून झाल्यावर" हे लिहा. "तारखेला" असं लिहू नका.

गुढीपाडव्याला काम सुरू झालं. विसार ५१,०००. कौलं उतरवायला सुरुवात झाली तेव्हा २,४०,०००. त्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही तिथे होतो. माणसं कामावर होती, कौलं नीट उतरवून ओटीशेजारी थप्प्या लावल्या होत्या. मग त्याने ह्यांना बोलावलं, एक वासा हातात घेतला आणि बोटाने दाबला. तो वासा आतून पूर्ण खाल्लेला होता, भुगा पडला. "काका, वरचं सगळं असंच आहे. वाळवीने पोखरलंय. हे ठेवलंत तर नवीन कौलं घेऊन खाली येईल."

तो वासा कुठल्या तरी हलक्या लाकडाचा होता, मागच्या कुठल्या तरी दुरुस्तीत घातलेला. आमचं आढं, तुळया आणि ओटीचे खांब सागाचे होते. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, हे मला आता आमच्या ओळखीच्या सुताराने सांगितलं. तेव्हा तिथे सांगायला कुणी नव्हतं. ठेकेदार लाकूड खराब आहे म्हणाला तर प्रत्येक नगाला सुताराकडून पटाशी मारून बघा, आणि तो सुतार त्या ठेकेदाराचा नसू दे. एका सडक्या वाशावरून त्याने आमचं सगळं लाकूड निकालात काढलं, आणि नव्या लाकडासाठी ९०,००० वेगळे मागितले. ते "वखारवाल्याच्या" खात्यावर पाठवायला लावले. ते खातं वखारवाल्याचं नाही, त्याच्या मेव्हण्याचं निघालं.

म्हणजे आमचा साग त्याने विकला, आणि तो साग बदलण्यासाठी आमच्याकडूनच पैसे घेतले. हे वाक्य लिहिताना आजही हात थरथरतो.

मग फोन आला. "वहिनी, आता काही दिवस येऊ नका. वर आभाळ आहे, आत विंचू-किरडू निघतंय, चूल पेटवायला जागा नाही. मी रोज फोटो टाकतो." कोकणातल्या उन्हाळ्यात बिनछपराच्या घरात कोण राहील? आम्हाला ते काळजीचं बोलणं वाटलं. आमचे शनिवार-रविवार त्या दिवसापासून बंद झाले आणि त्याला पाहिजे होतं तेच झालं. छपराचं काम असेल तर अर्धं छप्पर ठेवून अर्धं उतरवायला सांगा. होतं तसं. जुने लोक तसंच करायचे. पूर्ण उतरवल्याशिवाय काम होत नाही असं म्हणणाऱ्याला दारातून परत पाठवा.

फोटो येत राहिले. पहिले सगळे खरे होते, आमच्याच घराचे, आमची ओटी ओळखू येत होती. म्हणूनच पुढचे खरे वाटले. नवे वासे, त्यावर रिपा, मग अर्ध्यावर आलेली कौलं. त्या जोरावर १,८५,००० गेले.

आणि आता ते सांगते जे मला रात्री झोपू देत नाही. वैशाखात एक फोटो आला. नवीन छप्पर, लाल कौलं उन्हात चमकताहेत, आणि छपराच्या मागे उजव्या अंगाला पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं. एक नाही, तीन-चार, हिरव्यागार, शिंपुटं लोंबलेली. आमचं घर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाच्या, कडेला आहे. चैत्रात आमची विहीर तळाला जाते. पोफळीला उन्हाळाभर शिंपण लागतं, तिच्या मुळाशी ओल नसेल तर ती उभी राहत नाही. इतकी वर्षं मी त्या मातीत हात घातले आहेत, तिथे काय जगतं आणि काय मरतं हे मला माहीत आहे. मी तो फोटो मोठा करून पाहिला. मी त्याला विचारलं, "ह्या पोफळी कुठल्या?" तो एका क्षणात म्हणाला, "वहिनी, खालच्या आगरातल्या. मी झूम करून काढलाय, म्हणून जवळ दिसतात."

खाली आगर आहे. तिथे पोफळी आहेत. उत्तर अगदीच खोटं नव्हतं, आणि बाकीचे फोटो खरे होते, आणि त्याच दिवशी त्याने बागेचं बोलणं काढलं. मला हापूसची कलमं लावायची होती हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मिरगाच्या आधी खड्डे तयार हवेत, तीन बाय तीनचे, शेणखत घालून. चाळीस कलमं, खड्डे, खत, आणून लावणं, सगळे मिळून ३६,०००. मी त्याच संध्याकाळी पाठवले. माझ्या डोळ्यांनी मला खरं सांगितलं होतं आणि त्याने माझ्याच आवडीचा विषय काढून ते डोळे दुसरीकडे वळवले. ज्यांना बागेची हौस आहे त्यांनी हे वाचून ठेवावं: असे लोक आधी तुमची हौस ओळखतात.

फोटो मागायचाच असेल तर आजचं वर्तमानपत्र ओटीवर ठेवून मागा. त्याहून बरं, व्हिडिओ कॉल करून घराभोवती एक फेरी मारायला लावा. "रेंज नाही" म्हणाला तर पुढचा हप्ता नाही.

पहिला पाऊस पडल्यावर आम्ही न सांगता गेलो. घरावर छप्पर नव्हतं. एक वासा नव्हता. कौलांच्या थप्प्या नव्हत्या, साग नव्हता, ओटीची कोरीव चौकट भिंतीतून उचकटून नेलेली होती. मातीच्या भिंतींवर पाणी पडून माजघराची एक बाजू बसली होती. मागे न्हाणीघराचा पाया खणून ठेवलेला आणि शेजारी थोडे चिरे. कुंपणाशी प्लास्टिकच्या पिशव्यांत कलमं म्हणून आणलेली रोपं होती. त्यांना कलमाचा जोडच नव्हता, रायवळ आंब्याच्या कोयीची साधी रोपं. कलम घेताना जोड डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून घ्या. परवानाधारक रोपवाटिकेतून किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून पावती घेऊन आणा, ठेकेदाराकडून कधीच नाही. आणि परसातला फणस तोडला होता. फणस!

गावात शेजाऱ्यांना आम्ही विचारलं. ते म्हणाले, टेम्पो भरताना पाहिला, पण तुम्हीच विकलं असं तो सांगत होता.

आता सरकारी दारांची कथा. तालुक्याच्या ठाण्यात अंमलदाराने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "साहेब कुठायत? त्यांना पाठवा." घर माझ्या नावावर, पैसे माझ्या खात्यातून गेलेले, आणि बोलायला साहेब पाहिजेत. मग म्हणे हा दिवाणी वाद आहे, ठेकेदाराने थोडं काम केलंय ना? मग म्हणे पैसे शहरातून गेले, तिकडे तक्रार द्या. शहरातल्या ठाण्यात म्हणाले घर तिकडे आहे, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. हे मी छापून नेलं, त्यांनी वाचलंही नाही. दखलपात्र गुन्हा उघड दिसत असेल तर तो नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितलेलं आहे. त्यावर उत्तर मिळालं, "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." शेवटी एक साधा तक्रार अर्ज घेतला आणि "चौकशीवर ठेवलाय" म्हणाले. तो अजून चौकशीवरच आहे. लाकडाबद्दल विचारलं तर घर तुमचं असल्याचा पुरावा आणा. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा, दिला, घरपट्टीच्या पावत्या दिल्या. मग विचारतात, भाऊबंदकीचा वाद तर नाही ना?

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही काय करणार. १९३० ह्या सायबर हेल्पलाइनवर सांगितलं, हा सायबर गुन्हा नाही. ग्रामपंचायतीत बैठक झाली, तिथे सगळे म्हणाले, गावातलं गावात मिटवा. आणि वन विभागाने काय केलं? फणस हा १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतला वृक्ष, परवानगीशिवाय तोडला म्हणून विचारणा आली ती मला. ज्याने तोडला तो मोकळा, जिचा तोडला तिने खुलासा द्यायचा. ह्या सगळ्या कार्यालयांत एकानेही त्या माणसाला एक फोन लावून विचारलं नाही की बाबा, लाकूड कुठे आहे? एका फोनने कळलं असतं. टेम्पो गावातलाच होता!

ठाण्यात दाद मिळाली नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्याच्याशिवाय पुढे त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येत नाही. आमचा तो अर्ज आता गेला आहे. व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका, आणि फोन बदलला तरी जुना फोन ठेवा. नवीन साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय ते चॅट कोर्टात चालत नाहीत.

पंचायतीच्या बैठकीत त्याने चारचौघांसमोर ३,००,००० चा चेक दिला होता. खात्यात पैसे नाहीत म्हणून तो परत आला. वकिलांनी ३० दिवसांच्या आत नोटीस पाठवली, पुढचे १५ दिवस तो गप्प बसला, त्यानंतरच्या महिन्याच्या आत चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची तक्रार दाखल केली. ह्या मुदती हुकल्या तर चेकचा खटला फार अवघड होऊन बसतो, म्हणून चेक परत आला त्याच दिवशी वकील गाठा. बाकी रकमेसाठी ग्राहक आयोगात जातो आहोत. ठेकेदार म्हणजे सेवा देणाराच, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या तालुक्यात खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच ते दहा लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला फी फक्त २०० रुपये आहे, मुदत दोन वर्षांची. जी मंडळी "कशाला त्या भानगडीत" म्हणून गप्प बसली आहेत त्यांनी तारीख मोजून पाहा.

आणि काम सुरू व्हायच्या आधी, एक कौल हलायच्या आधी, घरातल्या प्रत्येक खांबाचा, तुळईचा, दाराचा फोटो काढा, लांबी-रुंदी मोजून वहीत लिहा, त्या पानावर ठेकेदाराची सही घ्या. "जुनं लाकूड मालकाचं" एवढे तीन शब्द आमच्या त्या यादीत असते तर ठाण्यात दिवाणी-दिवाणी म्हणायची सोय राहिली नसती. आमच्या सुताराने तेवढा साग आज घ्यायचा तर ३,५०,००० च्या खाली मिळणार नाही असं सांगितलं. हा आकडा ६,०२,००० मध्ये धरलेला नाही.

जुने दरवाजे, खांब विकत घेऊन शहरातल्या घरांत आणि हॉटेलांत बसवणारे पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे की मालकाच्या सहीची पावती असल्याशिवाय घेऊ नका. आमची चौकट सागाची, वरच्या पट्टीवर मधोमध कमळ आणि दोन्ही बाजूंना वेल, डाव्या उभ्या लाकडावर दिव्याने जळाल्याचा काळा डाग, हाताच्या पंज्याएवढा. खांब चार, तळाला चौकोनी आणि वर अठपैलू. असा माल कुणाकडे आला असेल तर विकणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि इथे खाली सांगा. मी अधीक्षकांच्या अर्जाला ते जोडणार आहे.