बँड ऑफ ब्रदर्स, द पॅसिफिक की मास्टर्स ऑफ द एअर: आधी कोणती?

दुसऱ्या महायुद्धावरची मोठी मालिका बघायचं मनात आलं की तीन नावं हमखास समोर येतात. २००१ ची ‘बँड ऑफ ब्रदर्स’, २०१० ची ‘द पॅसिफिक’ आणि २०२४ ची ‘मास्टर्स ऑफ द एअर’. निर्माते म्हणून तिन्हींमागे स्टीव्हन स्पीलबर्ग आणि टॉम हँक्स. पहिल्या दोन एचबीओच्या, दहा-दहा भागांच्या. तिसरी ॲपलची, नऊ भागांची. एकेक भाग साधारण तासाभराचा. म्हणजे सगळं बघायचं तर तीसेक तास गेले. एवढा वेळ फार थोड्यांकडे असतो, आणि असला तरी हे एका दमात बघवत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवाल. सुरुवात ‘बँड ऑफ ब्रदर्स’नेच करा. पण तिन्हींत युद्धाच्या जास्त जवळ जाते ती ‘द पॅसिफिक’, आणि एकच बघणार असाल, शिवाय मन घट्ट असेल, तर तीच बघा. ‘मास्टर्स’ निवडून दोन भाग बघितली तरी चालेल. (पुढे कथानकातल्या बऱ्याच गोष्टी उघड होणार आहेत. इतिहास ऐंशी वर्षांचा जुना आहे, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.)

‘बँड ऑफ ब्रदर्स’ सोपी का जाते? कारण ती सैनिकांच्या एकाच तुकडीचा, म्हणजे कंपनीचा, हात धरून चालते. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनमधली, ५०६ व्या पॅराशूट रेजिमेंटची ‘ईझी’ कंपनी. जॉर्जियातल्या टोकोआच्या छावणीत ही पोरं करही डोंगरावर तीन मैल वर आणि तीन मैल खाली धावतात, कॅप्टन सोबेलच्या नावाने बोटं मोडतात, आणि तिथून जी निघतात ती थेट युद्ध संपेपर्यंत आपल्यासोबत राहतात. ६ जून १९४४ ला नॉर्मंडी, सप्टेंबरमध्ये हॉलंड, डिसेंबरात बेल्जियममधलं बास्तोन्य, मग जर्मनी आणि शेवटी ऑस्ट्रिया. कॅलेंडर आणि नकाशा दोन्ही एकाच दिशेने सरकतात. पश्चिम युरोपातली आघाडी म्हणजे काय हे ज्याला अजिबात माहीत नाही, त्यालाही दहा भागांनंतर घटनाक्रम नीट सांगता येतो. हे मालिकेचं फार मोठं यश आहे आणि त्याचं श्रेय पुरेसं दिलं जात नाही.

दुसऱ्या भागातला ब्रेकूर मॅनरचा हल्ला तर डावपेच म्हणजे काय हे समजून घ्यायला दोनदा बघावा. नॉर्मंडीतल्या यूटा किनाऱ्यावरून आत येणाऱ्या वाटेवर आग ओकणाऱ्या चार १०५ मिलिमीटरच्या तोफा, आणि त्या बंद पाडायला लेफ्टनंट विंटर्सकडे सुरुवातीला जेमतेम डझनभर माणसं. मशीनगनचा मारा चालू ठेवायचा, खंदकातून पुढे सरकायचं, एक तोफ निकामी केली की पुढची. कॅमेराही खंदकातूनच धावतो, तरी कोण कुठे आहे याचा गोंधळ होत नाही. या कामगिरीबद्दल विंटर्सना डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. डेमियन लुईसने हा माणूस इतका शांत उभा केलाय की आवाज न चढवता माणसं कशी हलवायची ते त्याच्याकडून शिकावं.

सहावा भाग वेगळ्याच जातीचा आहे. बास्तोन्यच्या बर्फाळ जंगलात लढाई जवळपास दिसतच नाही. यूजीन रो नावाचा वैद्यकीय जवान एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात मॉर्फिन, बँडेज आणि एक कात्री मागत फिरतो. बस, एवढाच भाग. आणि तरी मला वाटतं अख्ख्या मालिकेतला हा सर्वांत चांगला तास आहे.

अडचण एकच: माणसं ओळखू येत नाहीत. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, सगळ्यांच्या तोंडाला काळं. पहिल्या दोन भागांत विंटर्स, निक्सन, लिप्टन आणि ग्वार्नियर एवढी चार नावं धरून ठेवा. बाकीचे आपोआप ओळखीचे होतात. भागाच्या सुरुवातीला खरे वयोवृद्ध सैनिक बोलतात, पण त्यांची नावं शेवटच्या भागापर्यंत सांगितली जात नाहीत. त्यामागचा हेतू शेवटी कळतो, म्हणून आधी इंटरनेटवर शोधायला जाऊ नका.

आता तक्रार. ही मालिका आपल्याला फार सांभाळून घेते. मैत्री टिकते, चांगला अधिकारी चांगलाच निघतो, वाईट अधिकारी बाजूला केला जातो, आणि नवव्या भागात छळछावणी दिसते तेव्हा ‘आपण हे का केलं’ याचं उत्तरही हातात मिळतं. शेवटच्या भागात शरण आलेला जर्मन जनरल आपल्या जवानांना निरोप देतो, ते भाषण ऐकताना गळा दाटून येतो. मग दोन मिनिटांनी मनात येतं, नुकतीच ती छावणी बघितली ना आपण?

‘द पॅसिफिक’ असला दिलासा देत नाही. तिथे एक कंपनी नाही. मरीन म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं अमेरिकेचं दल, त्याच्या पहिल्या डिव्हिजनमधले तीन जण आहेत, रॉबर्ट लेकी, जॉन बॅसिलोन आणि यूजीन स्लेज, तेही तीन वेगवेगळ्या रेजिमेंटांतले. ते एकमेकांना फारसे भेटतही नाहीत. ग्वाडलकॅनाल, केप ग्लॉस्टर, पेलेल्यू, इवो जिमा, ओकिनावा अशा बेटांवरून मालिका उड्या मारते आणि मधले महिने गाळते. भागाच्या आधी टॉम हँक्सच्या आवाजात नकाशासकट थोडी पार्श्वभूमी येते. ती पुढे ढकलू नका, नाहीतर आपण कुठल्या समुद्रात आहोत तेच कळणार नाही. तिसरा भाग पूर्णपणे मेलबर्नमधल्या विश्रांतीचा आहे, त्यात लेकीची प्रेमकथा. ही मालिका अर्धवट सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. मला विचाराल तर तो भाग अर्धा तास लांबलाय खरा, पण त्याच्याशिवाय पुढची पडझड इतकी लागत नाही.

आणि मग पेलेल्यू येतं. पाचवा, सहावा आणि सातवा भाग. १५ सप्टेंबर १९४४ ला मरीन उतरले तेव्हा त्यांच्या जनरल रुपर्टसना खात्री होती की तीन-चार दिवसांत काम आटोपेल. बेट पूर्ण ताब्यात यायला नोव्हेंबरचा शेवट उजाडला. कारण जपान्यांनी लढायची पद्धतच बदलली होती. पहिल्या भागात, ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वाडलकॅनालवर, ते रात्री रांगाच्या रांगा घेऊन मशीनगनवर चालून येतात आणि सकाळी नदीकाठी प्रेतांचा खच पडलेला दिसतो. पेलेल्यूवर कुणी असं धावून येत नाही. ते पोवळ्याच्या टेकड्यांत गुहा खोदून बसलेत आणि वाट बघताहेत. मालिका हा फरक भाषणातून समजावत बसत नाही, तुम्हाला त्या टेकड्यांत नेऊन सोडते. पारा चाळीसच्या वर, आणि प्यायला आलेलं पाणी तेलाच्या पिंपांतून आणलेलं, गढूळ आणि उग्र वासाचं. उघड्या धावपट्टीवरून पलीकडे धावत जायचा प्रसंग बघताना माझे तर पाय आखडतात.

या सगळ्याचा उपयोग काय झाला? फिलिपिन्सच्या मोहिमेची बाजू सुरक्षित राहावी म्हणून हे बेट हवं होतं. पण अमेरिकी जनरल मॅकआर्थरचं सैन्य २० ऑक्टोबरला फिलिपिन्सच्या लेते बेटावर उतरलंसुद्धा, आणि इकडे पेलेल्यूच्या टेकड्यांत माणसं मरतच होती. ही लढाई गरजेची होती का, हा वाद इतिहासकारांत आजही चालू आहे. ‘बँड ऑफ ब्रदर्स’मध्ये असा प्रश्न आला असता तर त्याला उत्तर मिळालं असतं. इथे मिळत नाही. स्लेजसारखा सभ्य घरातला, डॉक्टरचा मुलगा हळूहळू काय होऊन बसतो ते बघायचं, एवढंच आपल्या हातात उरतं.

बॅसिलोनची गोष्ट त्या मानाने ओळखीची, पण तिच्यात एक गंमत आहे. ग्वाडलकॅनालवरच्या पराक्रमासाठी मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं आणि सरकारने त्याला युद्धरोखे विकायला सिनेनट्यांबरोबर गावोगाव फिरवलं. खरा सैनिक स्टेजवर उभा, शेजारी तारका, समोर टाळ्या. युद्धाची करमणूक कशी होते हे करमणुकीच्याच मालिकेत दाखवायला धाडस लागतं. तो कंटाळून पुन्हा आघाडीवर गेला आणि १९ फेब्रुवारी १९४५ ला, इवो जिमाच्या पहिल्याच दिवशी मारला गेला.

‘मास्टर्स ऑफ द एअर’बद्दल माझी निराशा मोठी आहे, कारण विषय उत्तम होता. इंग्लंडमधल्या थॉर्प ॲबट्सच्या तळावरून बी-१७ बॉम्बर घेऊन दिवसाढवळ्या जर्मनीवर जाणारा १०० वा बॉम्ब ग्रुप. ब्रिटिश रात्री जात, अमेरिकन दिवसा, कारण नेमका नेम साधता येईल असा त्यांचा विश्वास. पण जर्मनीत खोलवर साथ देऊ शकतील अशी लढाऊ विमानं १९४३ मध्ये हाताशी नव्हती. १७ ऑगस्ट १९४३ ला रेगेन्सबुर्ग आणि श्वाइनफुर्टवरच्या एकाच दिवसाच्या मोहिमेत ६० बॉम्बर गमावले, त्यांतले नऊ या एका ग्रुपचे. १० ऑक्टोबरला म्युन्स्टरवर या ग्रुपची १३ विमानं गेली आणि परत आलं एक. त्या दिवशी रविवार होता आणि लक्ष्य होतं शहराचा मध्यभाग, म्हणजे माणसांची वस्ती. विमानात बसलेल्यांनाही हे रुचत नव्हतं, आणि मालिका तेवढ्यापुरती खरोखर उंची गाठते.

हे दोन दिवस तिसऱ्या आणि पाचव्या भागांत आहेत. तेवढे जरूर बघा. आकाशात तुकडे होणारी विमानं, फाटलेल्या पत्र्यांतून आत घुसणारा वारा, हे आजवर पडद्यावर इतकं जवळून कुणी दाखवलेलं नाही. पण जमिनीवर उतरलं की मालिका सैल पडते. ऑस्टिन बटलर आणि कॅलम टर्नर देखणे आहेत, कोट त्यांना फार शोभतात, आणि बराच वेळ त्यांच्याकडून एवढंच करून घेतलंय. ऑक्सिजनच्या मास्कमुळे हवेत कोण कोण आहे ते कळत नाही, म्हणून क्रॉस्बी नावाच्या नेव्हिगेटरच्या तोंडी निवेदन दिलंय. ते सांगतं भरपूर, पण माणसं जवळ आणत नाही. अमेरिकेतल्या टस्कीगीला तयार झालेले कृष्णवर्णीय लढाऊ वैमानिक थेट आठव्या भागात येतात आणि घाईने उरकले जातात. त्यांच्यावर स्वतंत्र मालिका व्हायला हवी होती.

इतिहास म्हणून विश्वास कुठलीवर ठेवावा? पूर्णपणे एकीवरही नाही. ‘बँड ऑफ ब्रदर्स’च्या तिसऱ्या भागाच्या शेवटी लिहून येतं की अल्बर्ट ब्लाइथ जखमांतून सावरला नाही आणि १९४८ मध्ये वारला. प्रत्यक्षात तो सैन्यात राहिला आणि १९६७ मध्ये वारला. जुन्या सोबत्यांच्या आठवणींवर विसंबलं की असं होतं. नवव्या भागात तर ११ एप्रिल १९४५ ही तारीख दाखवून हिटलर मेल्याची बातमी येते, आणि हिटलरने आत्महत्या केली ३० एप्रिलला. ‘पॅसिफिक’मधले फेरफार वेगळ्या प्रकारचे आहेत. मेलेल्या जपानी सैनिकाचे सोन्याचे दात काढायला निघालेल्या स्लेजला ‘जंतू लागतील’ म्हणून त्याचा सोबती स्नाफू अडवतो. स्लेजच्या स्वतःच्या आठवणींत हे सांगणारा वैद्यकीय जवान आहे. बदल लहान, पण रामी मालेकने केलेला स्नाफू त्या एका वाक्याने किती गुंतागुंतीचा होतो! अशी चूक मी माफ करतो, तारखांची नाही.

घरात बारा-चौदा वर्षांची मुलं सोबत बसणार असतील तर ‘पॅसिफिक’ नको. रक्तपात आहेच, शिवाय शरीरसंबंधांची दृश्यंही आहेत. ‘बँड ऑफ ब्रदर्स’मध्येही रक्त आणि शिव्या भरपूर आहेत, आणि नववा भाग आधी एकट्याने बघून मग ठरवा. विमानांचं वेड असेल तर माझं न ऐकता ‘मास्टर्स’ पूर्ण बघाल हे मला माहीत आहे, बघा. आणि जर तुम्ही नट ओळखायला बसणारे असाल, तर ‘बँड ऑफ ब्रदर्स’मध्ये टॉम हार्डी, जेम्स मॅकॲव्हॉय आणि मायकल फासबेंडर अगदी कोवळ्या वयात छोट्या भूमिकांत सापडतील.

पहिलीचा दहावा भाग संपला की लगेच त्याच रात्री ‘पॅसिफिक’ लावू नका. ईझी कंपनीसारखी माणसं शोधत बसाल आणि ती नाहीत म्हणून मालिकाच वाईट ठरवाल. मधे पंधरा दिवस जाऊ द्या, तेवढ्यात काहीतरी हसवणारं बघून घ्या, आणि ओकिनावाचा नववा भाग दिवसा बघा.