वेगळ्या टाकीतले सात महिने: तीन इंची बिचिर आणि दहा इंची ऑस्कर

आधी कबुली देतो. बिचिर हा सापासारख्या अंगाचा, तळाशी राहणारा मासा, आणि हा माझा दुसरा बिचिर. पहिला अकरा दिवस जगला, आणि तो गेला माझ्या आळसामुळे.

आमच्या डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये पाच फुटी टाकी आहे. तिच्यात दहा इंचांचा एक ऑस्कर, म्हणजे तोंडात मावेल ते गिळणारा मोठा मासा, आणि पाच सिल्व्हर डॉलर मासे. कुर्ल्याच्या बाजारात एका रविवारी सेनेगल बिचिरची पिल्लं दिसली, तीन इंचांची, बोटाएवढी जाड नाहीत अशी. अंग सापाचं, पाठीवर एका पराऐवजी छोट्या परांची करवतीसारखी रांग आणि मानेपाशी दोन्ही बाजूंना पिसांसारखे तुरे. हे तुरे म्हणजे पिल्लाचे बाहेरचे कल्ले, वाढीबरोबर झडतात. "ऑस्करबरोबर बिनधास्त चालतो," असं दुकानदार म्हणाला. मोठा झाल्यावर चालतो, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

मोठ्या टाकीतच आतून जाळीची पेटी अडकवली आणि पिल्लू तिच्यात सोडलं. पाणी तेच, हीटर तोच, वेगळा खर्च नाही, म्हणून मी स्वतःवर खूश. ऑस्कर मात्र रात्रभर त्या जाळीला तोंड लावून ओढत बसायचा. चौथ्या दिवशी एका बाजूचा तुरा गायब, आठव्या दिवशी शेपटीचं टोक पांढरं, अकराव्या दिवशी सगळं संपलं. जाळीची पेटी गप्पीच्या पिल्लांना ठीक असेल. बाहेर ऑस्कर असेल तर तिचा उपयोग शून्य, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरं पिल्लू आणण्याआधी काचवाल्याकडून २ फूट बाय १ बाय १ ची टाकी करून घेतली. पाणी दहा इंचांपर्यंतच, म्हणजे साधारण ४५ लिटर. वर मोकळी हवा हवीच, कारण बिचिरला फुप्फुसं असतात आणि तो मधूनमधून वर येऊन श्वास घेतो. रात्री बेडरूममध्ये 'टप्प' असा आवाज येतो तो हाच. पहिल्या आठवड्यात दोनदा दचकून उठलो. वीज गेली की हॉलमधल्या ऑस्करसाठी जीव खालीवर होतो, याच्यासाठी होत नाही.

फिल्टर साधा स्पंजचा. तो तीन आठवडे आधीच मोठ्या टाकीत नेऊन ठेवला होता. माशांच्या घाणीतून होणारी अमोनिया आणि नायट्राइट ही विषं पचवणारे जिवाणू त्याच्यावर बसले, मग तो छोट्या टाकीत लावला, त्यामुळे पहिल्या दिवसापासून पाणी बिघडलं नाही. ज्यांच्याकडे आधीपासून चालू टाकी आहे त्यांनी कोऱ्या स्पंजने सुरुवात करणं म्हणजे घरात विरजण असताना दही विकत आणणं. नळाच्या पाण्याला अँटिक्लोरीन घालून आठवड्यातून दोनदा तिसरा हिस्सा पाणी बदलत होतो. हे काम कंटाळवाणं आहे, आणि सात महिन्यांत ते एकदाही कमी कंटाळवाणं झालं नाही.

खाण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण खरा फरक तिथेच पडला. बिचिरची नजर अधू, नाक तीक्ष्ण. नाकपुड्या तर पुढे आलेल्या नळ्याच असतात. गोठवलेले ब्लडवर्म (माशांना घालतात त्या लाल अळ्या) त्याच्यासमोर दोन इंचांवर टाकले तरी तो भलतीकडेच जायचा, मग थबकायचा, वास घेत मागे यायचा. एका घासाला कधी पाच मिनिटं. मोठ्या टाकीत अन्न पाच सेकंदही टिकत नाही. म्हणजे पहिला पिल्लू चावे न बसताही उपाशी मेला असता, हे मला तेव्हा उमगलं. पिल्लू वेगळं वाढवायचं ते फक्त मोठ्याच्या तोंडापासून वाचवायला, असं मी धरून चाललो होतो. खरं तर त्याला निवांत जेवता यावं म्हणूनही ती टाकी लागते.

पहिले दोन महिने ब्लडवर्म आणि बारीक कापलेली गांडुळं, रोज. नंतर कोळंबी, एक दिवसाआड. आमच्या कोळणीकडे मी चारच कोळंब्या मागायचो, तेव्हा ती आधी हसायची. मग कारण कळल्यावर करंदी तशीच मूठभर द्यायला लागली. आई शनिवारी घरात मासळी शिजू देत नाही. "माशाला कोळंबी आणि आपल्याला दुधी" हे वाक्य मी किती शनिवार ऐकलं याची मोजदाद नाही. कोळंबी सोललेली, बिनमिठाची, त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढे तुकडे. पोट सुपारीसारखं फुगलं की दुसऱ्या दिवशी उपास. जिवंत गप्पी किंवा गोल्डफिश खायला घातले नाहीत. ते रोग घेऊन येतात, शिवाय गोल्डफिशमध्ये बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं एन्झाइम असतं. चौथ्या महिन्यात बुडणाऱ्या गोळ्यांची सवय लावली, कोळंबीच्या पाण्यात भिजवून. पहिले सहा दिवस त्याने गोळी तोंडात घेऊन थुंकली. सातव्या दिवशी गिळली.

दुसऱ्या महिन्यात एक प्रताप झाला. हवेच्या नळीसाठी झाकणाला खाच ठेवली होती, जेमतेम दोन बोटांची. सकाळी टाकी रिकामी. तो स्टँडच्या मागे फरशीवर सापडला, धुळीचे गोळे चिकटलेला, पण जिवंत. २०१४ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी हेच सेनेगल बिचिर आठ महिने जमिनीवर वाढवून त्यांची चाल कशी बदलते ते पाहिलं होतं, 'नेचर'मध्ये ते छापून आलं. तिथे सतत तुषार सोडून ओल राखली होती. माझ्या फरशीवर ती सोय नव्हती, तरी पठ्ठ्या वाचला. त्या दिवसापासून खाचेत स्पंजचा तुकडा कोंबलेला आहे.

वाढ सांगायची तर दोन महिन्यांत पाच इंच, चौथ्याच्या शेवटी साडेसहा, सातव्याला आठ. बाहेरचे तुरे पहिल्या काही आठवड्यांतच आटले. लांबीवर मात्र भरवसा ठेवू नका. आठ इंची बिचिरही बारीक असेल तर शेवयीसारखा आत जातो. मी डोक्याची रुंदी पाहत होतो. ऑस्करच्या उघड्या तोंडात माझा अंगठा सहज जातो. बिचिरचं डोकं अंगठ्यापेक्षा चांगलं रुंद होईपर्यंत थांबलो. ऑस्करने अर्धवट गिळला तर दोघेही जातात, कारण बिचिरचे खवले चिलखतासारखे कडक असतात आणि घास अडकतो.

हलवायचा दिवस रविवार ठरवला, म्हणजे बसून बघता येईल. आधी ऑस्करला पोटभर खाऊ घातलं. मग दगड-लाकडाची सगळी मांडणी बदलली, म्हणजे हा कोपरा माझा म्हणायला त्याला जागाच उरू नये. तळाशी बाथरूमच्या कामातून उरलेला दोन इंची पीव्हीसी पाइप ठेवला. दिवे बंद केल्यावर बिचिर सोडला. ऑस्करने पहिल्या तासात त्याला एकदा तोंडात धरलं, मधोमध. माझा श्वास अडकला. त्याने लगेच सोडला आणि नंतर नुसता मागे मागे फिरत राहिला. बिचिर थेट पाइपमध्ये, आणि दुसऱ्या रात्रीपर्यंत बाहेर नाही.

आता अडीच महिने झालेत. भांडण नाही, पण जेवणाची चोरी रोज आहे. ऑस्कर गोळ्या बुडूच देत नाही. उपाय म्हणून रात्री दिवे गेल्यावर अर्ध्या तासाने चिमट्याने कोळंबी पाइपच्या तोंडाशी नेऊन धरतो. छोट्या टाकीत चिमट्याची सवय झाली होती, म्हणूनच हे जमतं. बाहेरगावी जायचं असलं की भावाला तेवढ्यासाठी बोलवावं लागतं, आणि तो चिमट्याऐवजी हात घालतो.

तक्रारी आहेतच. टाकी, स्टँड, हवेचा पंप, स्पंज आणि ५० वॉटचा हीटर मिळून माझे साडेचार हजार गेले, मासा त्याच्या एक दशांशालाही नव्हता. बेडरूममधली जागा गेली. आणि सहाव्या महिन्यात ४५ लिटरची टाकी त्याला उघडउघड अपुरी पडत होती, वळताना शेपूट काचेला घासायचं. पुन्हा केलं तर तीन फुटी करीन.

दोन फुटी टाकी अजून माळ्यावर चढवलेली नाही. एका सिल्व्हर डॉलरचं पर फाटलंय, तो सध्या तिथे आहे. झाकणातला स्पंजचा तुकडा त्याला नको, पण मी काढलेला नाही.