भात्यापायी गेलेले २१,०९० रुपये

रक्कम आधीच सांगून टाकतो. २१,०९० रुपये. बाण ठेवायचा भाता ऑनलाइन मागवताना फसलो. चार वेळा भरले आणि चारही वेळा पिन माझ्याच अंगठ्याने टाकला. कुणी ओटीपी मागितला नाही, लिंक पाठवली नाही, फोनमध्ये शिरलं नाही. त्यामुळे "एवढा शिकलेला माणूस असून..." हे वाक्य घरात, वर्कशॉपात, बँकेत आणि पोलिस ठाण्यात मिळून पंधरा वेळा तरी ऐकून झालंय. सोळाव्यांदा तुम्ही म्हणू नका.

उद्यमनगरात माझं लहानसं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग. गिऱ्हाइकाने दिलेला जॉब पाव मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर परत पाठवणारा मी माणूस, हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे लाज वाटायची आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यात जगज्जेते झाले, तेव्हा माझ्या पुतणीने तिरंदाजीचा हट्ट धरला. तिला सोडायला मैदानावर मीच जायचो. तिने सहा महिन्यांत सोडलं आणि नाद मला लागला. मी डावरा, म्हणून धनुष्य डाव्या हाताचं. हेही लक्षात ठेवा.

पन्हाळ्याच्या पायथ्याला मामांचं शेत आहे. तिथे फोमचे तुकडे चिकटवून मी एक गवा, दोन डुकरं आणि एक हरिण केलंय. बांधाबांधाने चालत वेगवेगळ्या अंतरावरून त्यांच्यावर बाण मारायचे, एवढाच खेळ. मैदानावर सगळे कमरेला भाता बांधतात आणि तिथे तो उत्तम. पण कमरेला बाण लटकवून उसातनं चालून बघा. पाचट पिसांत अडकते, पीस फाटतं, वाकलं की बाण मातीत. म्हणून मला धनुष्यालाच बसणारा भाता हवा होता. अमेरिकेत शिकारी तो सर्रास वापरतात. वर टोपीसारखं खोकं, त्यात फोम किंवा रबर, बाणाची टोकं त्यात रुतवून झाकायची. शिकारीची टोकं म्हणजे पातीच असतात, हात कापू नये म्हणून ती टोपी. खाली रबराच्या खाचा, त्यात बाणाची दांडी दाबून बसवायची. माझ्या बाणांना साधी, बिनपात्याची टोकं आहेत, पण सोय तीच.

तीन महिने व्हिडिओ बघितले. कुणी न विचारता सांगतो की विषय मला कळत होता. बाणाची दांडी किती जाडीची आहे त्यावर रबराची खाच ठरते. बारीक दांडी मोठ्या खाचेत खुळखुळते, आणि बाण सोडताना जो दणका बसतो त्यात ती आवाज करते. भाता धनुष्याला जितका चिकटून, तितका बरा. लांब बसला तर धनुष्य एका बाजूला कलतं. पाच बाण म्हणजे सव्वाशे-दीडशे ग्रॅम आणि वर भात्याचं स्वतःचं वजन, तेही सगळं एकाच अंगाला. एक अखंड प्रकार असतो, तो कड्या उघडून काढता येतो. दुसरा दोन तुकड्यांचा, तो धनुष्यावर कायमचा राहतो. मला काढता येणारा हवा होता. आणि डावऱ्याला बाजू उलटी लागते. काही भाते दोन्हीकडे बसतात, सगळे नाही.

म्हणजे माल काय घ्यायचा ते मला पक्कं ठाऊक होतं. माणसाची मात्र पारख केली नाही.

आपल्याकडे तिरंदाजीचं सामान मिळणारी दुकानं मोजकी, त्यातही शिकारीच्या बाजूचं सामान जवळपास नाहीच. म्हणून इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं तेव्हा देव भेटल्यासारखं झालं. पाडव्याची ऑफर, नावाजलेल्या अमेरिकन कंपनीचा पाच बाणांचा भाता ९,८५० रुपयांना. अमेरिकेत त्या दर्जाचा भाता शंभर-दीडशे डॉलरच्या घरात जातो. फुकटात देतोय असंही नव्हतं, त्यामुळे शंका आली नाही. भाव फार स्वस्त असेल तर सावध व्हा, असं सगळे सांगतात. या लोकांनाही ते माहीत असतं की.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

मी म्हणालो, प्रत्यक्ष वस्तूचा व्हिडिओ पाठवा. वीस सेकंदांचा व्हिडिओ आला. टेबलावर निळी सतरंजी, तिच्यावर भाता, आणि एका पोराचा हात त्यात बाण भरतोय. उलटे. पिसांची बाजू टोपीच्या फोममध्ये खुपसून टोकं खाली मोकळी सोडलेली. ज्याने आयुष्यात एकदा भाता हाताळलाय तो हे करणारच नाही. हे म्हणजे विळा पात्याकडनं धरून गवत कापायला जाण्यासारखं. मी बघितलं. खोटं कशाला बोलू, तीनदा बघितलं. आणि मनाशी काय म्हणालो? "पॅकिंगचा पोरगा असेल, त्याला काय कळतंय." त्याची बाजू मीच मांडली! वकील लावायची त्याला गरजच पडली नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा ती सतरंजी दिसते मला.

अजून एक. मी सांगितलं, धनुष्य डाव्या हाताचं आहे. उत्तर आलं, "नो प्रॉब्लेम सर, दोन्हीला चालतं." दांडीची जाडी त्याने विचारलीच नाही. धनुष्य कुठलं, तेही नाही. खरा दुकानदार या दोन प्रश्नांशिवाय पुढे सरकत नाही, उलट आपल्यालाच वैताग येईपर्यंत विचारतो. विक्रेता काही न विचारता सगळ्याला "हो सर" म्हणायला लागला की फोन ठेवा.

आगाऊ अर्धे, ४,९२५. आठवड्याने "माल मुंबईत कस्टममध्ये अडकलाय", ३,७४०. मग "डिस्पॅचच्या आधी उरलेले", पुन्हा ४,९२५. इथवर मी स्वतःला माफ करू शकतो. परदेशी मालावर ड्युटी लागते हे खरंच आहे. पण ड्युटी कुरिअर कंपनी किंवा पोस्ट रीतसर पावती देऊन घेतं, विक्रेत्याच्या यूपीआयवर कधीच जात नाही. हे मला माहीत नव्हतं काय? होतं. गेल्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा पार्ट बाहेरून आला होता तेव्हा तीच पावती हातात घेतली होती.

चौथ्यांदा ७,५००. "सर, शस्त्राचा भाग म्हणून पकडलंय, क्लिअरन्स डिपॉझिट आहे, डिलिव्हरीनंतर परत मिळेल." पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर समोरच्या खात्याचं नाव येतं. आधी कुठल्यातरी ट्रेडर्सचं यायचं, या वेळी कुण्या बाईचं नाव होतं. बायको शेजारी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कस्टमवाल्याची बायको काय ही?" मी हसलो आणि पिन टाकला. एकदा तेरा हजार अडकले की ते सोडवायला माणूस अजून साडेसात घालतो. जुगारात बसलेल्यांना मी आयुष्यभर नावं ठेवली, त्यांची क्षमा मागतो.

अकरा दिवसांनी पार्सल आलं. पेटी बरी होती, आत काळ्या प्लास्टिकची वस्तू. कंपनीचं चिन्ह स्टिकर म्हणून चिकटवलेलं, नखाने सुटलं. टोपीत फोम म्हणून जे होतं ते टीव्हीच्या खोक्यातलं पांढरं थर्माकोल, काळा स्प्रे मारून. बाण खुपसला की करकर वाजायचं आणि भुगा पडायचा. रबराच्या खाचा इतक्या सैल की माझी बारीक दांडी आतल्या आत फिरायची. भाता उलटा धरला तर पाचातले तीन बाण घसरून जमिनीवर. धनुष्यावर साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, ज्या दोन भोकांत बसते त्याच भोकांत भात्याचा ब्रॅकेट बसवायचा असतो, आणि त्या भोकांमधलं अंतर ठरलेलं असतं. मी व्हर्नियर लावून मोजलं. ब्रॅकेटची भोकं जवळजवळ एक सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने चुकलेली. माझ्या शॉपातला सोळा वर्षांचा पोरगा असा जॉब घेऊन आला तर त्याला मी दिवसभर चहा आणायला पाठवतो. आणि बाजू? उजव्या हाताची, अर्थातच.

त्याच संध्याकाळी पान गायब. फोन बंद.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला. तक्रार नोंदली, नंबर मिळाला. तिथल्या मुलीने शांतपणे विचारलं, "पहिल्याच दिवशी का नाही केला?" पैसा समोरच्या खात्यात असतो तोवर रोखता येतो, पुढे सरकला की हात रिकामे. तुम्ही लाज बाजूला ठेवा आणि शंका येईल त्या मिनिटाला १९३० फिरवा. वस्तू येईल, डिपॉझिट परत येईल, अशी वाट बघत बसू नका. मी तेच केलं.

मग पोलिस ठाणं. कुठलं ते सांगत नाही, मला तिथे अजून जायचंय. पहिल्या दिवशी "साहेब जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला गेलेत." मान्य, चैत्रात ते असणारच. दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर बंद. तिसऱ्या दिवशी हवालदारसाहेबांनी पार्सलमधली वस्तू उचलून विचारलं, "हे काय ओ?"

"भाता, साहेब. धनुष्याला लावायचा."

"म्हणजे शिकार करताय? दाजीपूरच्या अभयारण्याकडं जाताय काय?"

"नाही ओ. फोमवर मारतो."

"फोमवर मारायला एकवीस हजारांचा भाता?" आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने, "ए, हे बघा, रामाचा भाता आलाय!" चारजण बघून गेले. एकाने सेल्फी काढला. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे हे मला समजावण्यात दहा मिनिटं गेली. तक्रार माझी, झडती माझीच. धनुष्याचं लायसन आहे काय, मामांच्या शेतात गवा येतो काय, बाण किती लांब जातो. पैसे कुठल्या खात्यात गेले हे कुणी विचारलं नाही. व्यवहारांचे चारही कागद मी फाइल करून नेले होते, ती फाइल टेबलावर चहाच्या कपाखाली गेली. शेवटी निर्णय झाला, "वस्तू तर आलीय न्हवं? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जावा."

म्हणजे चोराने थर्माकोलचा तुकडा पाठवला की तो व्यापारी झाला! खोट्या नावाने खोटा माल देऊन, वर खोट्या कस्टमचे पैसे उकळले तर ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मधली फसवणूक नाही? मी हे वाचून गेलो होतो, कलम बोललोही. "वकील हाय काय?" असं उत्तर मिळालं. एफआयआर नाही, नुसता अर्ज घेतला. त्याची शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी असा कुठला अर्जच नव्हता म्हणतात. माझ्या शेजाऱ्याचं तसं झालंय.

बँकेतही तीच कथा. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक छापून नेलं, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य वगैरे. मॅडम म्हणाल्या, ते तुमच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी. पिन तुम्हीच टाकलाय. बरोबर आहे त्यांचं. पण ज्या खात्यात पैसे गेले ते कुणीतरी केवायसी करूनच उघडलंय ना? ते खातं कुणाचं, हे विचारलं तर "गोपनीय". माझं आधार कार्ड मात्र तीनदा झेरॉक्स केलं.

ग्राहक आयोगात जायला हरकत नाही. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सल्लाही मिळतो. पण समोरच्याचा पत्ता लागतो. पार्सलवर "गाळा नं. ७, पहिला मजला" एवढंच होतं. कुठल्या इमारतीचा, कुठल्या गावाचा, काही नाही. तेव्हा पैसे द्यायच्या आधी जीएसटी नंबर मागा आणि सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. आणि पेटी उघडताना व्हिडिओ काढा. मी काढला नव्हता. आनंद झाला होता मला, बाणाने टेप कापली.

भाता शेवटी मीच बनवला. ॲल्युमिनियमची पट्टी मिलिंगवर, खाचांना रबरी बुश भोकं मोजून, टोपीत जुन्या योगा मॅटचे तुकडे. मजुरी धरली नाही तर ६४० रुपये. पाच बाण पक्के बसतात, डाव्या बाजूला.

परवा पुतणीने फोन दाखवला. नवीन नावाचं पान, त्यावर तीच निळी सतरंजी आणि तेच उलटे बाण, भाव ८,९९९. स्क्रीनशॉट काढून ठाण्यात कळवलं. सोमवारी बोलावलंय. येताना धनुष्य आणू नका म्हणालेत.