कार्बोनेटाइटच्या नमुन्यांचा संच: दगड उत्तम, चिठ्ठी सदोष

पदवीच्या विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी कार्बोनेटाइटच्या दोन नमुन्यांचा संच मी एका विक्रेत्याकडून २२०० रुपयांना मागवला. निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजे असलेला हा दुर्मीळ अग्निजन्य खडक वर्गात प्रत्यक्ष हाताळायला मिळणे, एवढ्यासाठीच ही किंमत मला रास्त वाटते.

पहिला नमुना गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यातील अंबाडोंगरचा आहे. मुठीएवढा, पांढुरका, भरड कणांचा हा दगड प्रथमदर्शनी संगमरवर वाटतो आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने संगमरवरासारखाच फसफसतो. भिंगाखाली मात्र कॅल्साइटच्या दाण्यांत मॅग्नेटाइटचे काळे ठिपके दिसतात, आणि दोऱ्याला टांगलेला लोहचुंबक त्यांच्याकडे अलगद झुकतो. सोबतच्या चिठ्ठीवर ‘ज्वालामुखीय चुनखडी’ असे छापले आहे. ही चूक गंभीर आहे. चुनखडी प्रामुख्याने समुद्रतळाशी साचते, तर कार्बोनेटाइटचे मूळ प्रावरणात, म्हणजे पृथ्वीच्या कवचाखालच्या थरात असते. तेथील कार्बोनेटयुक्त खडकाचा अगदी अल्प अंश वितळून हा शिलारस थेट तयार होतो, किंवा वर येणाऱ्या शिलारसातून सिलिकेट आणि कार्बोनेट हे दोन द्रव तेल-पाण्यासारखे वेगळे होतात. त्याला वर यायला कवचातील खोल भेगा सोयीच्या असल्याने तो बहुधा खंडांच्या खचदऱ्यांत सापडतो. अंबाडोंगरही नर्मदेच्या खचपट्ट्यात आहे आणि त्याचे वय सुमारे ६.५ कोटी वर्षे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतील काळ्या कातळाच्या (बेसॉल्टच्या) काळातले आहे. चिठ्ठीवर नेमके हेच हवे होते.

दुसरा नमुना टांझानियातील ओल दोइन्यो लेंगाईचा, म्हणजे पूर्व आफ्रिकेच्या खचदरीतील, कार्बोनेटाइटचा लाव्हा ओकणाऱ्या जगातील एकमेव जागृत ज्वालामुखीचा आहे. हा सोडियमयुक्त लाव्हा सुमारे ५०० ते ६०० अंश सेल्सिअसचा, बेसॉल्टच्या जेमतेम निम्म्या तापमानाचा असतो. थिजल्यावर काळा दिसतो, पण हवेतला ओलावा शोषून लवकरच पांढरा पडतो. म्हणूनच बाटली हवाबंद हवी. माझ्या बाटलीचे बूच सैल होते आणि तुकड्यावर पांढरी भुकटी धरली होती. तक्रार केल्यावर विक्रेत्याने आठवड्यात दुसरी बाटली पाठवली. तिच्यातला तुकडा अजूनही काळाभोर आहे. हा संच शक्यतो पावसाळ्यात मागवू नये आणि बाटली हाती येताच बुचाची कड मेणाने बंद करावी. चिठ्ठी मी नव्याने लिहून लावली आहे.