फिटच्या रुग्णाला लग्नानंतर लगेच दाखवावे असे जळगावातील क्लिनिक

मुलाबाळांचा विचार केव्हा आहे, हा प्रश्न नवविवाहित रुग्णाला डॉक्टरांनी आपणहून विचारावा, एवढ्या एका गोष्टीसाठीही मी या मेंदूविकारतज्ज्ञांच्या क्लिनिकची शिफारस करीन. माझ्या नणंदेला अमळनेरला शाळेत असल्यापासून व्हॅल्प्रोएट हे फिटचे औषध चालू होते, आणि फिट येणे थांबल्यामुळे लग्न झाल्यावरही ती गोळी बदलण्याचा विषय कोणी काढला नव्हता.

इथे तो निघाला आणि सविस्तर निघाला. गरोदरपणात हे औषध घेतल्यास सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात व्यंग आढळते. व्यंग नसलेल्या मुलांतही बोलणे उशिरा येणे, भाषेची समज मागे राहणे असे परिणाम दिसतात आणि मात्रा वाढेल तसा धोका वाढतो, हे डॉक्टरांनी घाई न करता समजावले. अमेरिका व ब्रिटनमधील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांचा सहाव्या वर्षीचा सरासरी बुद्ध्यांक ९७ होता, तर लॅमोट्रिजिन हे फिटचेच दुसरे औषध घेणाऱ्या मातांच्या मुलांचा १०८. गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्या मातांची मुलेही सरस ठरली होती. हे ऐकून तिच्या सासूबाई म्हणाल्या, "मग गोळी बंदच करून टाका." त्यावर डॉक्टरांनी त्यांना ठामपणे थांबवले, कारण औषध अचानक सोडल्यास येणारी मोठी फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. (फिट आल्यावर कांदा हुंगवण्याची सूचना सासूबाईंनी घरी परतल्यावर केली, ती वेगळी.)

व्हॅल्प्रोएटऐवजी लॅमोट्रिजिन सुरू करायचे तर अंगावर पुरळ उठू नये म्हणून ते हळूहळू वाढवावे लागते, आणि गरोदरपणात रक्तातील त्याचे प्रमाण घटत असल्याने मात्रा पुन्हा वाढवावी लागू शकते. त्यामुळे हा बदल दिवस राहण्याआधी करणे सोयीचे, हे आम्हाला पटले.

उणिवाही आहेत. मे महिन्याच्या उन्हात पंख्याविना बाहेरच्या बाकावर ताटकळावे लागते, आणि सूचनांचा कागद इंग्रजीत मिळतो, जो चोपडा-यावलच्या खेड्यांतून आलेल्या बायकांच्या काही कामाचा नाही. आम्ही त्यावर गोळ्यांच्या वेळा मराठीत लिहून मागितल्या, त्या कंपाउंडरने लिहून दिल्या. जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि फिट आल्याच्या तारखा सोबत न्याव्यात. पहिल्याच भेटीत त्या मागतात.