डॉक्युमेंटेशनमधली चूक कळवायची सोय: एमडीएन आणि पोस्टग्रेस, दोन्हीकडे वापरून बघितली

एमडीएन (वेब डेव्हलपरसाठीची माहितीची साइट) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस सॉफ्टवेअर) यांचं डॉक्युमेंटेशन माझ्याकडे रोज उघडं असतं, पण हा रिव्ह्यू त्यातल्या मजकुराचा नाहीये, पानाच्या अगदी तळाशी चूक कळवायची जी छोटीशी लिंक असते ना, फक्त तिचा आहे. बहुतेक जण ती कधी दाबतच नाहीत, चूक दिसली की ऑफिसात दोन शब्द बडबडतात आणि टॅब बंद.

आधी एमडीएन, कारण मला ते जास्त आवडलं. लिंक दाबली की गिटहबवर, म्हणजे प्रोजेक्टचा कोड आणि मजकूर जिथे ठेवतात त्या साइटवर, फॉर्म उघडतो (अकाउंट लागतं), पानाचा पत्ता आपोआप भरलेला असतो, आणि मग एकेक प्रश्न: कुठला सेक्शन, कोणती माहिती चुकीची किंवा अपुरी वाटली, तुम्हाला काय अपेक्षित होतं, आधाराला एखादी लिंक आहे का. ह्या "काय अपेक्षित होतं" प्रश्नाला माझे पूर्ण मार्क. एका मेथडच्या पानावर उदाहरणाचं आउटपुट चुकलंय अशी माझी खात्री होती, फॉर्म भरताना तो कोड पुन्हा चालवून बघावा लागला आणि कळलं की मीच एक ओळ गाळून वाचत होते, पान बरोबर होतं. तो इश्यू (म्हणजे ती तक्रार) मी टाकलाच नाही आणि कोणाचातरी अर्धा तास वाचला. तिथे मोझिलाचे आणि ओपन वेब डॉक्स ह्या संस्थेचे काही पगारी लोक आहेत, पण बाकी बरंच काम व्हॉलंटियर आपापल्या वेळात करतात, त्यामुळे हा अर्धा तास मला खरंच मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र नवीन माणसाला पटकन कळत नाही. कुठल्या ब्राउझरमध्ये काय चालतं ते दाखवणारा खालचा तक्ता वेगळ्या रिपोमधून (गिटहबवरच्या फाइलींच्या साठ्यातून) येतो आणि त्याची तक्रार करायची लिंकही वेगळी, तक्त्याजवळच असते. तक्त्यातली चूक मजकुराच्या रिपोत टाकली की कोणीतरी ती उचलून योग्य जागी न्यायची, म्हणजे त्यांना डबल काम. आणि साधा टायपो असेल तर इश्यूसुद्धा नको, सगळा मजकूर गिटहबवर मार्कडाउनमध्येच (साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये) आहे, सरळ एडिट करून पीआर (हा बदल घ्या अशी विनंती) टाका, मर्ज झाला, म्हणजे त्यांनी तो घेतला, की साधारण एक-दोन दिवसात पानावर दिसतो.

पण पीआर टाकताना खरंच काहीतरी दुरुस्त करा हो. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ओपन सोर्सला मदत करायचा ऑक्टोबरातला उपक्रम) चार पीआरवर टीशर्ट मिळत होता म्हणून लोकांनी रीडमीमध्ये (प्रोजेक्टची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) "अमेझिंग प्रोजेक्ट" असले शब्द घुसडून पीआरचा पाऊस पाडला, प्रोजेक्ट सांभाळणारे मेंटेनर लोक इतके वैतागले की सुरुवातीच्या काही दिवसातच नियम बदलावा लागला, ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांचेच पीआर मोजायचे. डॉक्स सुधारतो म्हणणाऱ्या नवीन माणसाकडे काही ठिकाणी अजून जरा संशयाने बघतात, आणि मला त्यांचा राग येत नाही.

आता पोस्टग्रेस. इथे फॉर्म अगदी साधा आहे, लॉगिन करा आणि काय चुकलंय ते लिहा, प्रश्न वगैरे कोणी विचारत नाही. पण तुम्ही लिहिलेलं थेट डॉक्सच्या मेलिंग लिस्टवर जातं आणि आर्काइव्हमध्ये सगळ्यांना दिसत राहतं, कारण ह्या प्रोजेक्टला इश्यू ट्रॅकरच (तक्रारींची यादी ठेवायची सोय) नाहीये. म्हणून रागाच्या भरात लिहू नका. "तुमचे डॉक्स बेकार आहेत" यातून समोरच्याला करण्यासारखं काहीच मिळत नाही, त्यापेक्षा कुठलं वाक्य, कुठलं व्हर्जन, मी कुठली क्वेरी चालवली आणि काय आलं एवढं लिहिलं तरी पुरतं. दुसरं वाक्य सुचत असेल तर तेही द्या. उत्तर आलं की रिप्लाय ऑल करा, एकट्या माणसाला मेल केला तर बाकीच्यांना धागाच कळत नाही. "पटलं नाही" असं उत्तर आलं तर एकदा नीट कारण मांडा आणि सोडून द्या. दुरुस्ती झाली तर कमिट मेसेजमध्ये (बदलासोबतच्या नोंदीत) कळवणाऱ्याचं नाव टाकायची पद्धत आहे, ते वाचून फार बरं वाटतं.

वेळ मात्र लागतो. रिलीज झालेल्या व्हर्जनच्या पानावर दुरुस्ती पुढच्या मायनर रिलीजबरोबर (छोट्या दुरुस्त्यांच्या आवृत्तीबरोबर) येते, म्हणजे फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर, तेव्हा "अजून तसंच आहे" म्हणून आठवड्याने पुन्हा मेल टाकू नका.

माझ्याकडून एमडीएनला पाचपैकी साडेचार, पोस्टग्रेसला चार. पोस्टग्रेसचा तो जास्तीचा अर्धा मार्क गेला कारण फॉर्म भरण्याआधी डेव्हेल व्हर्जनचं (अजून तयार होत असलेल्या पुढच्या व्हर्जनचं) पान बघून या, हे नवीन माणसाला आपण होऊन सुचत नाही. मागच्या महिन्यात मी लांबलचक लिहून तयार ठेवलं होतं, पाठवायच्या आधी ते पान उघडलं तर ती ओळ तिथे आधीच दुरुस्त झालेली.