मराठी वाचन: क्लास लावावा की घरीच शिकू द्यावं?

मूल साडेचार वर्षांचं झालं की आमच्या नाशिकमध्ये इंदिरानगर असो नाहीतर गंगापूर रोड, बागेतल्या बाकावर एकच विषय निघतो: "तुमचा वाचायला लागला का?" आमच्या घरात दोन्ही वाटा चालून झाल्या. थोरल्याला पाचव्या वर्षी क्लासला घातलं, धाकटी घरीच शिकली. सध्या ज्यांचं मन दोन्हीकडे ओढतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

क्लासला जायला लागल्यावर चार महिन्यांत थोरला अख्खी बाराखडी घडाघडा म्हणायला लागला. आजी-आजोबा खूश, आम्हीही खूश. मग एकदा मी 'कु'वर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" तो मनातल्या मनात क, का, कि, की म्हणत तिथवर आला आणि मग म्हणाला, "कु!" बाराखडीची चाल पाठ होती, अक्षराची ओळख नव्हती. वर्गात पंधरा मुलं असली की सगळ्यांना एका चालीत पुढं न्यावं लागतं, हे मला कळतं. शिवाय क्लासनं त्याला वळणदार अक्षर दिलं, ते मी विसरणार नाही. धाकटीच्या वहीत अजून अक्षरं रेघ सोडून चालतात.

धाकटीची सुरुवात पाट्यांपासून झाली. एकदा आम्ही बसची वाट बघत उभ्या होतो. समोरच्या बसच्या पाटीवर बोट रोखून ती म्हणाली, "इ... न... मा..." क्षणभर थांबली, आणि एकदम ओरडली, "निमाणी!" पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते, ही अडचण तिनं स्वतःच सोडवली, कारण निमाणी या बसस्थानकाचं नाव तिच्या कानावरून रोज जायचं. ओळखीचा शब्द चुकीचं वाचन आपोआप दुरुस्त करतो. घरच्या शिकण्याचं खरं बळ मला इथं दिसतं.

पण 'आपोआप'चा अर्थ नीट घ्या. बोलणं मूल ऐकून-ऐकून उचलतं. लिपी माणसानं बनवलेली आहे, ती कुणीतरी दाखवावी लागते. 'ख'ला धाकटी कितीतरी दिवस 'रव' म्हणायची. 'घ' आणि 'ध' यांची गल्लत तर ठरलेलीच. 'सूर्य'मधला रफार बसतो 'य'च्या डोक्यावर आणि म्हणायचा 'य'च्या आधी. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' लिहायला सारखे, बोलायला वेगळे. तिनं विचारलं की त्याच क्षणी, भाजी निवडता निवडता का होईना, सांगायला कुणीतरी हवं. ते माणूस घरात नसेल, तर घरची वाट अर्ध्यावरच थांबते.

हे अपवाद सोडले तर मराठीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीच पक्की आहे. म्हणून सुरुवात 'अ'पासूनच करायला हवी असंही नाही. ग, म, भ, न या चार अक्षरांची वळणं एकमेकांसारखी आहेत आणि त्यांतून मग, मन, नभ, गगन असे खरे शब्द लगेच जुळतात. पहिल्याच आठवड्यात मुलाच्या हाती शब्द येतो. इंग्रजीत तसं नाही. 'पुट' आणि 'बट' यांत स्वराचं अक्षर एकच, उच्चार दोन. त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलाला चांगला फोनिक्सचा, म्हणजे अक्षरांचे आवाज जुळवून वाचायला शिकवणारा, क्लास उपयोगी पडतो असं माझं मत आहे. पैसे घालायचेच तर तिथं घाला, मराठीच्या बाराखडीवर नको.

आई-बाबा दोघंही सातपूर-अंबडच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये असतील आणि घरी वाचून दाखवणारं कुणी नसेल, तर मराठीचाही क्लास लावा, मनात अपराधी वाटून घेऊ नका. फक्त फी भरण्याआधी तासभर तिथं बसा. मुलं पुस्तक हातात घेतात की नुसती वही गिरवतात, ते बघा. वहीच असेल तर दुसरा क्लास शोधा.

घाई मात्र कुठल्याच वाटेनं नको. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानात समजून वाचता येण्याचं उद्दिष्ट तिसरीअखेरचं आहे. पाच वर्षांचं मूल वाचत नाही म्हणजे ते मागे पडलं असं अजिबात नाही. दुसरी संपत आली तरी अक्षरं ओळखताना फार अडत असेल, तर डोळे आणि कान तपासून घ्या, तज्ज्ञांना दाखवा. तिथं ना क्लास पुरतो, ना घर.

पुस्तकांसाठी मोठा खर्च लागत नाही. आपल्या नाशिकमध्ये 1840 पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचं सभासदत्व घ्या. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मुलाला ते अवघड जातील, पण मोठ्यानं वाचून दाखवायला छान आहेत. एकच गोष्ट वीस वेळा मागितली तर वीस वेळा वाचा. आमच्याकडे मांजराची एक गोष्ट होती. धाकटीला ती तोंडपाठ झाली होती, पान उलटायच्या आधीच पुढचं वाक्य म्हणायची. एका रात्री कंटाळून मी मधलं एक वाक्य गाळलं. तिनं माझा हात धरून मागं नेला, त्या ओळीवर ठेवला आणि म्हणाली, "आई, हे राहिलं."